वारा फुकट, पण टेंडर कोण भरणार?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात समुद्रातल्या पवनचक्क्यांवर दोन पानं लिहिली आणि इनबॉक्स भरून वाहिला. बरेचसे प्रश्न "पातं किती लांब असतं हो" टाइपचे होते, ते सोडून देतो. पण काही पत्रं अशी आली की वाटलं लोकांना खरी मेख कळलीये, म्हणजे यंत्र फिरतं कसं यापेक्षा सरकार हे सगळं ठरवतं कसं, हा प्रश्न. आज तेच घेतोय. उत्तरं लांबलीत, मी बरीच वर्षं समुद्री सर्व्हेच्या कामात काढलीयेत त्यामुळे एकदा सुरू झालो की थांबत नाही, सांभाळून घ्या.

प्रश्न : समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायला दोन-तीन वर्षं पुरतात म्हणे. मग अख्ख्या प्रकल्पाला दहा वर्षं का लागतात? सरकारी काम म्हणूनच ना?

उत्तर : थोडं तेही आहे, पण सगळा दोष फायलींवर टाकू नका. जमिनीवर टॉवर उभा करायचा तर माणूस तिथे जाऊन उभा राहतो, माती हातात घेऊन बघतो, जवळच्या हवामान केंद्राच्या जुन्या नोंदी काढतो. समुद्रात यातलं काहीच हाताशी नसतं. आधी वारा मोजा. त्यासाठी आता एक पिवळा बोया सोडतात, त्यात लायडार नावाचं लेझरवालं यंत्र असतं, ते वर आकाशात किरण सोडतं आणि हवेतल्या धुळीकणांच्या हालचालीवरून शे-दोनशे मीटर उंचीवरचा वारा काढतं. हे किमान वर्षभर चालवावं लागतं कारण प्रत्येक ऋतूचा वारा वेगळा. आणि हा नुसता सोपस्कार नाही, वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे सरासरी ८ मीटर प्रति सेकंदाच्या जागी ९ निघाला तर वाऱ्यातली ऊर्जा एकदम ४२ टक्के जास्त. एवढ्याशा फरकावर प्रकल्प तरतो किंवा बुडतो, मग बँक म्हणणारच ना की आधी वर्षभराचा डेटा दाखवा. असा बोया सहा-आठ महिन्यांनी वर काढला की खालून शिंपल्यांनी आणि शेवाळाने मढलेला असतो आणि वरचे सोलर पॅनल पक्ष्यांनी पांढरे करून ठेवलेले असतात, आमचा पहिला दिवस नुसता खरवडण्यात जायचा, डेटा बिटा नंतर.

मग तळ. प्लास्टिकच्या नळीतून वर आलेला समुद्रतळ लांबीने चिरून टेबलावर ठेवतात, वर करडी वाळू, त्याखाली तुटक्या शिंपल्यांची एक पट्टी, त्याखाली निळसर चिकणमाती, आणि कितीही मशिनं असली तरी अनुभवी माणूस पहिल्यांदा त्या मातीत अंगठा दाबून बघतोच. का, तर त्या मातीत आठ-दहा मीटर व्यासाचा पोलादी पाइप ठोकायचाय, त्याला मोनोपाइल म्हणतात, आणि एका जागी लोण्यासारखी माती असली तरी किलोमीटरभर पुढे मोठमोठे धोंडे निघू शकतात. उत्तर समुद्रात तर महायुद्धातले न फुटलेले बॉम्ब अजून सापडतात, ते आधी शोधून काढावे लागतात. शिवाय पक्षी, डॉल्फिन, देवमासे यांच्या नोंदी, त्याही एका ऋतूच्या करून भागत नाही. हे सगळं झाल्यावर जनसुनावणी, मग परवाने, मग पैसा, मग केबल आणि जहाजांचं बुकिंग. अमेरिकेतला केप विंड प्रकल्प २००१ मध्ये पुढे आला, नँटकेट साउंडमध्ये १३० पवनचक्क्या लावणार होते, कोर्टकचेऱ्या आणि विरोध झेलत झेलत २०१७ मध्ये कंपनीने नाद सोडला. सोळा वर्षं, आणि एक पातं फिरलं नाही.

पण किती वर्षं लागली यापेक्षा ती वर्षं कोणाच्या खर्चाने गेली हे बघा. नेदरलँड्समध्ये वारा, तळ, बॉम्ब, सगळा सर्व्हे सरकार स्वतः आधी करून घेतं आणि तो डेटा सगळ्या बोलीदारांना सारखा आणि फुकट देतं. दुसरीकडे आधी कंपनीला समुद्राचा तुकडा लीजवर देतात आणि मग सर्व्हे तुझा तू कर म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत कंपनी अंधारात बोली लावते, आणि अंधारात बोली लावणारा माणूस भीतीची किंमत धरूनच आकडा लिहितो, जी शेवटी तुमच्या आमच्या वीजबिलातच येते. माझं मत विचाराल तर पहिली पद्धत स्वस्त पडते, जरी बजेटमध्ये ती महाग दिसत असली तरी.

प्रश्न : समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही असं शाळेत शिकलो. मग सरकार तो भाड्याने देतं कुठल्या हक्काने?

उत्तर : संयुक्त राष्ट्रांचा १९८२ चा सागरी कायद्याचा करार आहे, १९९४ पासून लागू. त्यानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत देशाचं पूर्ण सार्वभौमत्व, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, आणि २०० सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र. या दुसऱ्या पट्ट्यात देशाची मालकी नसते पण तिथल्या साधनसंपत्तीवर हक्क असतो आणि त्यात पाणी, प्रवाह आणि वारा यांच्यापासून ऊर्जा काढण्याचा हक्क चक्क शब्दांत लिहिलेला आहे. १९८२ साली समुद्रात एकही पवनचक्की नव्हती हे लक्षात घ्या, लिहिणाऱ्यांची दाद द्यायला हवी. मात्र इतर देशांची जहाजं तिथून जाणारच, त्यांना अडवता येत नाही, आणि बांधकामाभोवती सुरक्षा पट्टा ठेवायचा तर तो सर्वसाधारणपणे ५०० मीटरपर्यंतच. ब्रिटनमध्ये गंमत वेगळी आहे, तिथे १२ मैलांपर्यंतचा जवळजवळ सगळा समुद्रतळ राजसत्तेच्या नावावर, त्यामुळे लीजचं काम क्राउन इस्टेट बघतं आणि स्कॉटलंडमध्ये त्यांची वेगळी संस्था.

प्रश्न : आमचा पिढीजात मासेमारीचा धंदा. नकाशावर चौकोन आखून झाल्यावर आम्हाला बोलावतात आणि हरकती सांगा म्हणतात. हा न्याय आहे का?

उत्तर : नाही. आणि हा प्रश्न आला म्हणून मला खरंच बरं वाटलं, कारण यातली गोम नकाशा बनवणाऱ्यालाच माहीत असते.

सागरी क्षेत्र नियोजन नावाचा प्रकार असतो, म्हणजे समुद्राचा डीपी प्लॅन समजा. युरोपियन युनियनने २०१४ मध्ये त्याचा निर्देश काढला आणि किनारा असलेल्या देशांना २०२१ च्या मार्चपर्यंत असे आराखडे करायला सांगितले. करतात काय, तर कॉम्प्युटरवर थरावर थर चढवत जातात : खोली, वारा, जहाजांचे मार्ग, तेलाच्या पाइपलाइन, इंटरनेटच्या केबल, नौदलाचा सराव, माशांची अंडी घालायची ठिकाणं, पक्ष्यांचे रस्ते, वाळूउपसा, आणि मासेमारी. सगळे थर चढले की जिथे कमीत कमी रंग दिसतो ती जागा पवनचक्क्यांना. ऐकायला एकदम शास्त्रशुद्ध. पण मासेमारीचा थर येतो कुठून? बराचसा बोटींवरच्या ट्रॅकिंग यंत्रांमधून. आता युरोपात एआयएस यंत्राची सक्ती १५ मीटरपेक्षा लांब मासेमारी बोटींना, लहान होड्या बहुतेक त्यात दिसतच नाहीत. म्हणजे मोठ्या ट्रॉलरची जागा स्क्रीनवर लालभडक उठून दिसते आणि जिथे शंभर लहान होड्या रोज जाळी टाकतात ती जागा दिसते पांढरी, रिकामी. आणि ऑफिसात बसलेला माणूस, त्याच्या मनात काही वाईट नसतं, तो म्हणतो अरे वा इथे कोणीच नाही. मी स्वतः अशा एका पांढऱ्या जागेकडे बोट दाखवून "ही मोकळी आहे" म्हटलंय, आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्या मच्छीमाराने माझ्याकडे असं बघितलं की ते अजून विसरलो नाही. मग त्याने पेन्सिल मागून घेतली आणि त्या कोऱ्या जागेत महिन्यांप्रमाणे रेघा मारत गेला, या महिन्यात इथून तिथे, पाऊस सरला की इकडे, आणि दहा मिनिटांत कोरं काही उरलं नाही.

म्हणून बोलावणं यायची वाट बघू नका. थर बनतानाच, चौकोन पडायच्या आधी, आपल्या जागा कागदावर नोंदवून द्या, महिन्यानिशी, जाळ्याच्या प्रकारानिशी. एकटे नाही, सोसायटीमार्फत. चौकोन पडल्यावर मिळते ती नुकसानभरपाई, आधी गेलात तर चौकोनच सरकू शकतो. दोन पवनचक्क्यांमधलं अंतरही बोलणीचा विषय असतो बरं का, अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात मच्छीमारांनी आरडाओरडा केल्यावर कंपन्यांनी २०१९ मध्ये मिळून ठरवलं की दोन टॉवरमध्ये एक सागरी मैल अंतर, सगळे पूर्व-पश्चिम उत्तर-दक्षिण एका ओळीत, म्हणजे बोट सरळ जाऊ शकेल. त्यावरही सगळे खूश नव्हतेच, जाळं ओढत बोट चालवणं आणि नुसती बोट चालवणं यात फरक आहे, पण निदान हलली तरी बाजू.

प्रश्न : नौदलाला पवनचक्क्यांचा काय त्रास?

उत्तर : रडार. फिरणारी पाती रडारवर गोंधळ घालतात आणि पाण्याखालचे सेन्सरही गडबडतात. स्वीडनने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये बाल्टिक समुद्रातले १३ प्रकल्प एका झटक्यात नाकारले, कारण क्षेपणास्त्र आलं तर ते कळायला उशीर होईल असं संरक्षण खात्याचं म्हणणं. कंपन्यांचे सर्व्हेचे पैसे पाण्यात, शब्दशः. संरक्षणवाल्यांना शेवटी न विचारता पहिल्या मीटिंगला बसवावं, एवढं साधं आहे, पण ते क्वचितच होतं.

प्रश्न : कधी बातमी येते की कंपन्यांनी समुद्रासाठी अब्जावधी मोजले, कधी येते की टेंडरला कोणी फिरकलंच नाही. नक्की काय चाललंय? इकॉनॉमिक्सची विद्यार्थिनी आहे, जरा नीट सांगा.

उत्तर : नीट सांगतो, कारण अख्ख्या विषयाचा गाभा हाच आहे.

समुद्रातल्या पवनचक्कीचा इंधनखर्च शून्य, पण जवळजवळ सगळा पैसा पहिल्या दिवशी टाकावा लागतो आणि तो पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत परत येतो. त्यामुळे व्याजाचा दर आणि विजेचा भाव या दोन गोष्टींवर सगळा खेळ. विजेचा भाव पुढे काय राहील हे कोणालाच सांगता येत नाही, तर ती जोखीम कोणी घ्यायची? ब्रिटनने यावर एक करार काढला, त्याचं लांबलचक नाव सोडा, कल्पना अशी की एक भाव ठरवायचा, बाजारभाव त्याच्या खाली गेला तर फरक कंपनीला मिळणार आणि वर गेला तर कंपनीने जास्तीचे परत द्यायचे. म्हणजे चढउताराची जोखीम सगळ्या ग्राहकांवर वाटली गेली, बदल्यात कंपनीला स्वस्तात कर्ज मिळालं, आणि भाव धडाधड उतरले. २०१९ च्या लिलावात तर मेगावॉट-तासाला, म्हणजे हजार युनिटला, ३९.६५ पौंडपर्यंत आले, २०१२ च्या किमतींच्या हिशोबाने. सगळीकडे जल्लोष.

इथे सरकारला वाटलं की हे आता असंच उतरत जाणार. मग पोलाद महागलं, व्याज चढलं, आणि २०२३ च्या लिलावात कमाल भाव ठेवला ४४ पौंड. सप्टेंबरमध्ये निकाल लागला तेव्हा समुद्री पवनऊर्जेची एकही बोली नव्हती. एकही. पुढच्या वर्षी कमाल भाव ७३ केला, लगेच कंपन्या परत आल्या. मला यात कंपन्यांचा लोभ कमी आणि सरकारचं गणित जास्त चुकलेलं दिसतं, कारण लिलावाचा कमाल भाव हा जुन्या लिलावाच्या निकालावरून ठरवायचा नसतो, आजच्या पोलादाच्या कोटेशनवरून ठरवायचा असतो.

आता जर्मनी बघा, तिथे उलटं. २०१७ मध्ये काही कंपन्यांनी शून्य सबसिडीत प्रकल्प घेतो म्हणून सांगितलं, पेपरांनी डोक्यावर घेतलं. पण किनाऱ्यापर्यंतच्या केबलचा खर्च त्या शून्यात धरलेला नव्हता, तो ग्राहकांच्या बिलात होता. मग २०२३ मध्ये सरकारने कोण जास्त पैसे देतो असा लिलाव केला आणि बीपी नि टोटालएनर्जीज या दोन तेल कंपन्यांनी मिळून ७ गिगावॉटच्या जागांसाठी १२.६ अब्ज युरो कबूल केले. तिजोरीला आनंद. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये दोन जागा लिलावात काढल्या तर एकही बोली नाही. डेन्मार्कचंही तेच, ज्या देशाने हा उद्योग जन्माला घातला त्यांनी २०२४ मध्ये उत्तर समुद्रातल्या ३ गिगावॉटचं टेंडर काढलं, सबसिडी नाही, केबलचा खर्चही कंपनीवर, वर सरकारचा २० टक्के हिस्सा. कोणीच आलं नाही. पुढच्या वर्षी त्यांना सबसिडीचं पाकीट घेऊन परत यावं लागलं.

परीक्षेत लिहायचं असेल तर असं लिहा की जोखीम नाहीशी होत नाही, ती फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जाते, आणि ज्या खिशात ती सगळ्यात महाग पडते त्यात सरकारने ती टाकली की टेंडर रिकामं जातं.

प्रश्न : वरच्या सगळ्यात केबल केबल करताय, एवढं काय त्यात?

उत्तर : फार आहे. पवनचक्क्यांची वीज आधी समुद्रातल्याच एका सबस्टेशनवर गोळा होते, ते म्हणजे पाण्यात खांबांवर उभी असलेली चार-पाच मजली इमारत, आणि तिथून जाड केबलने किनाऱ्यावर. अंतर साधारण ८०-१०० किलोमीटरच्या पुढे गेलं की नेहमीचा एसी करंट केबलमध्येच वाया जायला लागतो, मग डीसीची सोय, ती महाग. ब्रिटनमध्ये सुरुवातीला प्रत्येक प्रकल्पाने आपापली केबल आणली, म्हणजे एकाच किनाऱ्यावर एकामागोमाग एक खोदकाम, आणि लोक वैतागले. डच लोकांनी टेनेट या सरकारी ग्रिड कंपनीला सांगितलं की तूच समुद्रात सॉकेट बांध, ७०० मेगावॉटचे एकाच साच्यातले प्लॅटफॉर्म, पवनचक्कीवाले फक्त प्लग लावतील. माझ्या मते हेच शहाणपणाचं, फक्त एक धोका आहे की सॉकेट तयार आणि पवनचक्की नाही किंवा पवनचक्की तयार आणि सॉकेट नाही. जर्मनीत दुसरा प्रकार खरंच घडला, पवनचक्क्या उभ्या आणि ग्रिडचं काम मागे, आणि भरपाई ग्राहकांनी दिली.

प्रश्न : भरती-ओहोटीचं वेळापत्रक शंभर वर्षांचं आधी सांगता येतं, वाऱ्याचं उद्याचंही नाही. मग सगळे वाऱ्याच्या मागे का? लाटा, भरती यांना सावत्र वागणूक का?

उत्तर : बाकी सगळं मान्य, पण सावत्रपणा निसर्गानेच आधी केलाय. पाणी हवेपेक्षा आठशेपट जड, त्यामुळे लहान पात्यातही भरपूर ताकद मिळते आणि त्याच ताकदीने यंत्र मोडतंही. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर अगुसादोरा इथे २००८ मध्ये पेलामिस नावाचे तीन लांबलचक लाल यांत्रिक साप लाटांवर सोडले होते, मिळून सव्वादोन मेगावॉट, जगातलं पहिलं लाट-ऊर्जेचं फार्म म्हणून गाजावाजा झाला. काही महिन्यांत ते बंदरात परत आले, बेअरिंगचा त्रास आणि वर मालक कंपनी आर्थिक संकटात. बनवणारी कंपनीही २०१४ मध्ये बुडाली. लाटांच्या यंत्राचं दुखणं असं की वर्षभर लहानसहान लाटांवर कमवायचं आणि वर्षातून एकदा येणाऱ्या वादळात वाचायचं, म्हणजे बांधकाम वादळाच्या मापाचं आणि कमाई रोजच्या लाटेच्या मापाची.

भरतीचे बंधारे मात्र चालतात, आणि चांगले चालतात. फ्रान्सचं ला रान्स १९६६ पासून, २४० मेगावॉट. दक्षिण कोरियाचं सिह्वा २०११ पासून, २५४ मेगावॉट. पण बघा, ला रान्स बांधताना नदीचं मुख काही वर्षं समुद्रापासून तोडावं लागलं आणि तिथलं जलजीवन सावरायला बराच काळ गेला, आज कोणी तशी परवानगी मागितली तर फाइल पहिल्याच टेबलावर आडवी होईल. सिह्वाची भिंत तर विजेसाठी बांधलेलीच नव्हती, ती आधीपासून होती, आतलं पाणी सडायला लागलं म्हणून भरतीचं पाणी खेळवायचं ठरलं आणि खेळवायचंच आहे तर टर्बाइन बसवा, असा हिशोब. म्हणजे भिंतीचा खर्च दुसऱ्याच खात्यावर. ब्रिटनने स्वान्सी बे इथला लगून, म्हणजे भिंत घालून केलेला भरतीचा तलाव, २०१८ मध्ये पैशाच्या कारणावरून नाकारला, तिथे भिंत नव्याने बांधायची होती ना.

सरकारने काय करावं म्हणाल तर दोन गोष्टी मला पटतात. एक म्हणजे स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर २००३ पासून जसं चाचणी केंद्र आहे तसं : परवाने आधीच काढलेले, केबल आधीच टाकलेली, तुम्ही यंत्र आणा आणि लावा, मोडलं तर न्या परत. दुसरी म्हणजे वेगळं ताट. लिलावात पवनचक्की आणि भरतीचं टर्बाइन एकाच पंगतीला बसवलं तर धाकट्याच्या पानात काही पडत नाही. ब्रिटनने २०२२ च्या निकालात भरतीच्या प्रवाहासाठी वर्षाला २ कोटी पौंड बाजूला ठेवले तेव्हा कुठे ४० मेगावॉटचे करार झाले, भाव मेगावॉट-तासाला १७८ पौंडांच्या वर. महाग आहेच. समुद्री वाराही २०१४ च्या आसपास १४०-१५० च्या घरात होता, हे विसरून चालत नाही.

प्रश्न : पाइप ठोकण्याच्या आवाजाने डॉल्फिन बहिरे होतात, पक्षी कापले जातात. खरं किती?

उत्तर : आवाजाचं खरं आहे आणि त्यावर उपाय आहे. जर्मनीत नियम आहे की ठोकण्याच्या जागेपासून ७५० मीटरवर आवाज १६० डेसिबलच्या वर नको. तो पाळायला तळावर भोकांची नळी गोल पसरतात आणि तीत कॉम्प्रेसरने हवा सोडतात, वरून बघितलं तर पाण्यात पांढऱ्या फेसाचं एक मोठं कडं उकळताना दिसतं, तो बुडबुड्यांचा पडदा आवाज अडवतो. नियम आधी आला, कंपन्या म्हणाल्या अशक्य आहे, मग शक्य झालं. पक्ष्यांचं जास्त अवघड, कारण समुद्रात मेलेला पक्षी मोजायला खाली सापडत नाही. डच लोकांनी २०२३ च्या मे महिन्यात स्थलांतराच्या एका रात्री दोन समुद्री फार्मची पाती चार तास जवळजवळ थांबवून दाखवली, पक्षी येणार हे दोन दिवस आधी अंदाजाने कळतं त्यामुळे ग्रिडवाल्यांना तयारी करता आली.

प्रश्न : भारताने धोरण २०१५ मध्ये आणलं. मग अजून काहीच कसं दिसत नाही?

उत्तर : धोरण चांगलं होतं, चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेला नोडल म्हणून नेमलं, गुजरात आणि तमिळनाडूचे किनारे निवडले, खंभातच्या आखातात २०१७ मध्ये लायडार बसवलं. २०१८ मध्ये लक्ष्य जाहीर झालं की २०२२ पर्यंत ५ गिगावॉट आणि २०३० पर्यंत ३०. त्यातलं २०२२ येऊन गेलं, समुद्रात एकही पवनचक्की नाही. कारण तेच जे वर सांगितलं, महाग पहिली वीज विकत कोण घेणार याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं, जमिनीवरची सौर वीज इतकी स्वस्त झालेली की कुठलंही राज्य वीज मंडळ म्हणणार आम्ही का घ्यावी. २०२४ च्या जूनमध्ये केंद्राने ७,४५३ कोटींची तफावत-निधी योजना मंजूर केली, म्हणजे प्रकल्प परवडायला जेवढे पैसे कमी पडतात ते सरकारने भरायचे, १ गिगावॉटसाठी, निम्मं गुजरात निम्मं तमिळनाडू, त्यातले ६०० कोटी दोन बंदरं सुधारायला, आणि समुद्रातलं सबस्टेशन नि केबल पॉवरग्रिड ही सरकारी वीजवाहिनी कंपनी बांधणार. दिशा बरोबर होती, बंदरांचा विचार केला हे विशेष, कारण शंभर मीटर लांबीचं पातं ठेवायला साधं बंदर पुरतच नाही. पण सेकीने, म्हणजे केंद्राच्या सौर ऊर्जा महामंडळाने, काढलेली टेंडरं २०२५ मध्ये रद्द झाली. लाटांच्या बाबतीत मात्र आपण फार आधी सुरुवात केली होती, केरळात विळिंजमला १९९१ मध्ये १५० किलोवॉटचं लाट-ऊर्जा केंद्र उभं होतं, आणि भरती, लाटा, समुद्राची उष्णता यांना अक्षय ऊर्जेत धरायचं हे केंद्राने स्पष्ट केलं २०१९ मध्ये. अठ्ठावीस वर्षांनी.

प्रश्न : पंचवीस वर्षांनी हा सगळा लोखंडाचा पसारा काढणार कोण? कंपनी तोवर पळून गेली तर?

उत्तर : म्हणून लीज देतानाच काढण्याची हमी घेतात, बँक गॅरंटी किंवा राखीव निधी, आणि ती पहिल्या दिवशी पूर्ण भरायची की प्रकल्प कमवायला लागल्यावर हप्त्याहप्त्याने, यावर खूप रस्सीखेच चालते. पहिल्या दिवशी मागितली तर कर्ज महागतं, फार उशिरा मागितली तर तुमची भीती खरी ठरू शकते. मी म्हणेन दहाव्या-बाराव्या वर्षापासून भरायला लावा, तेव्हा कंपनीचं कर्ज बरंच फिटलेलं असतं आणि पवनचक्क्याही अजून धट्ट्याकट्ट्या.

काढता येतात का, तर येतात. जगातलं पहिलं समुद्री पवनफार्म डेन्मार्कमधलं विंडेबी, १९९१ चं, ११ पवनचक्क्या, प्रत्येकी ४५० किलोवॉट. २०१७ मध्ये ते पूर्ण उतरवलं. आधी पाती, मग वरची यंत्राची पेटी, मग टॉवर, क्रेनने एकेक करून, आणि काँक्रीटचे पाये जागेवरच फोडून तुकडे गोळा करून नेले. पंचवीस वर्षांत त्या अकरांनी मिळून वीज दिली २४३ गिगावॉट-तास. आजची १५ मेगावॉटची एकटी पवनचक्की चांगल्या वाऱ्यात तेवढी साधारण चार वर्षांत काढते.